गुंजीच्या पाच आया

बजाबाईनं उपरण्याच्या काठाला पाचवी गाठ मारली, दातांनी आवळली आणि ते उपरणं नवऱ्याच्या खांद्यावर नीट बसवलं. मग त्याचा अंगठा धरून पहिल्या गाठीवर टेकवला.

"ही पाखरी. मग मैना. मग हरणी. मग लाखी. आन् ही शेवटली, थोरली बिजली. एकेक गाठ चाचपायची आन् म्होरं जायचं. घाई करायची न्हाय."

कोंडीबा हसला. "आता तू मला शिकीवनार व्हय गं?"

"मी कशाला शिकीवते. माझ्याच ध्यानात राहावं म्हनून बांधल्यात."

सोलापूरच्या विजापूर रस्त्याच्या कडेच्या माळावर सिद्धरामाच्या गड्ड्याच्या जत्रेतला जनावरांचा बाजार भरला होता. संक्रांतीचं गार वारं सुटलं होतं आणि त्यात शेणाचा, कडब्याचा, कुठंतरी तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वास मिसळलेला होता. बैलांची दावण लांबवर पसरलेली. घोड्यांची मात्र अलीकडे वीस-पंचवीस खुंट्यांवर आलेली. त्या खुंट्यांच्या टोकाला एक लिंबाचं झाड होतं आणि त्या झाडाखाली दरवर्षी कोंडीबा बसायचा.

कोंडीबा काही विकत नव्हता, की घेत नव्हता. तो सांगायचा. जुन्या जहागीरदाराच्या पागेत तो पोरवयापासून राबला. पाग मोडली, घोड्या गावोगाव गेल्या, पण त्यांची माहेरं कोंडीबाच्या तोंडात राहिली. कुठल्या गावी कुठल्या घोडीला शिंगरू झालं, की मालक जत्रेत येऊन आधी त्याच्या कानावर घालायचा. घोडी विकायला निघाली, की कोंडीबा उठायचा, उजवा हात जनावराच्या कपाळावर ठेवायचा, डावा मानेवर, आणि तिच्या पाच आया सांगायचा. बापाचं नाव कुणी विचारायचं नाही. रेवाल चाल आईकडूनच उतरते, असं या मुलखात सगळे मानतात. रेवाल म्हणजे अशी चाल, की स्वारानं हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला धरावा आणि घोडीनं वाऱ्यासारखं निघावं, पण थेंब सांडू नये.

रीत अशी, की आया दोनदा सांगायच्या. आधी चढत, लेकीकडून आईकडं. मग उतरत, आईकडून लेकीकडं. चढताना जी नावं आली तीच उतरताना आली पाहिजेत. एक जरी नाव हललं, तरी घोडी बिनआईची. मग ती शर्यतीला कुणी घेत नाही.

चाळीस वर्षांत कोंडीबाचं एक नाव हललं नव्हतं.

पण गेल्या श्रावणापासून बजाबाईला धास्ती लागली होती. मठातल्या कीर्तनात कोंडीबा टाळकरी म्हणून मागं उभा राहायचा. बुवांना ठसका लागला किंवा शब्द अडला, की मागून पहाडी आवाजात ध्रुपद उचलायचं काम त्याचं. घरी येऊन एकदा तो तिला म्हणाला होता, "बुवा इसरले असं कुनी म्हनत न्हाय बजा. टाळकऱ्यानं उचललं, म्हनत्यात." आणि त्याच कोंडीबाला श्रावणातल्या एकादशीला ध्रुपद आठवलं नाही. टाळ वाजत राहिले, तोंड उघडं राहिलं. मग दिवाळीत तो स्वतःच्याच आळीत वाट चुकला. काल दुपारी जेवून उठल्यावर घटकाभरानं पाटावर येऊन बसला आणि म्हणाला, "भाकरी वाढ की."

तिनं अर्धी भाकरी, वर शेंगाचटणी वाढली होती.

कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा कळलं, की लोक यायचे थांबतील. लोक यायचे थांबले, की हा माणूस भिंतीकडं तोंड करून झोपेल आणि उठणार नाही, हे तिला आरशासारखं लख्ख दिसत होतं. म्हणून यंदा ती पहिल्यांदाच त्याच्याबरोबर बाजारात आली. सबब सांगितली, भाकरी घेऊन येते. खरं म्हणजे परतीची वाट दाखवायला.

"अक्का, अज्जा मोकळं हाय का?"

समोर चंद्रव्वा उभी होती. अक्कलकोटच्या पलीकडची, कपाळ मोकळं, पायात धूळ. मागं दोरीला तांबूस रंगाची, चार दातांची घोडी. दुष्काळात जन्मलेली ही गुंजी. त्या वर्षी कडब्याची पेंढी सोन्याच्या मोलानं मिळायची, तेव्हा चंद्रव्वाच्या नवऱ्यानं आपल्या ताटातली भाकरी मोडून शिंगराला चारली होती. नवरा आता नव्हता.

तिच्यामागं दोघं आले. एक सोलापूर टेसनावरचा टांगेवाला इसूफ, चाळिशीचा, तोंडात पान. दुसरा वेळापूरकडचा मानसिंग, साखर कारखान्यात कारकून, पांढऱ्या शर्टाच्या खिशात वही आणि पेन. आणि त्यांच्याही मागं, चार हात सोडून उभा असलेला वीटभट्टीवाला. त्याच्या खांद्यावर रिकामी दोरी होती. त्याच्याकडं गेलेलं जनावर दोन उन्हाळे काढत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

"त्यो म्हनतो, मिलच्या बाराच्या भोंग्यापतोर थांबतो," चंद्रव्वा हळूच बजाबाईला म्हणाली. "घरी बांधायला जागा न्हाय आता. दिरानं गोठा घेतला. या साहेबानं घेतली तर पोरगी सुटली. न्हायतर…" तिनं मागं बघितलं नाही.

इसूफ गुंजीच्या पायाशी बसला होता. त्यानं खूर उचलून बघितला, नळी चाचपली, छातीला कान लावला. "मामा, सलाम. मैं तर साहेबाला सकाळपास्नं सांगून थकलो. मी स्वता बसून आलो हिच्यावर. गिलासातलं पानी हाललं न्हाय. आजून काय पायजे? घोडी पायानं चालती, आज्जीच्या नावानं चालत न्हाय."

"आज चालली," मानसिंग म्हणाला. "चैत्रात करमाळ्याच्या शर्यतीला माणसांच्या गर्दीत, हलगीच्या कडकडाटात चालेल का? आमच्या कारखान्यातल्या एकानं असंच देखणं घोडं घेतलं. अर्ध्या फेरीत चाल मोडून चौखूर उधळलं. पेला कुठं, हा कुठं. अजून त्याला सगळे 'पेलेवाले' म्हणतात."

"मग त्यात घोड्याचा काय कसूर? वरचाच बोजा वाकडा असंल."

मानसिंग हसला नाही. "इसूफभाई, माझ्या पगारात जन्माला एकच घोडं येणार. पहिलं तेच आणि शेवटचं तेच. मला तिचं मूळ कळलंच पाहिजे." तो कोंडीबापुढं वाकला. "बाबा, तुम्हीच सांगा. रक्ताला किती मानायचं?"

असा प्रश्न दर जत्रेत कुणीतरी विचारायचं आणि कोंडीबा दर जत्रेत तेच उत्तर द्यायचा. बजाबाईनं श्वास धरला. कोंडीबानं मान वर केली. डोळे शांत होते.

"पानी कुटनं आलं ह्ये कळलं, की कुटवर जाईल त्येचा अदमास येतो," तो म्हणाला. "तेवडंच. वाहायचं तिचं तिलाच हाय, बाबा."

बजाबाईचा श्वास सुटला. अक्षर न् अक्षर बरोबर आलं होतं.

कोंडीबा उठला. घोडीजवळ गेला. माणसं गोळा झाली. बैलाच्या दावणीवरूनही दोघं-तिघं आले. बायका रीतीप्रमाणं मागं, तिथल्या बैलगाडीच्या चाकाशी सरकल्या. कोंडीबानं उजवा हात गुंजीच्या कपाळावर ठेवला, डावा मानेवर.

तेव्हा बजाबाईला दिसलं.

त्याचे दोन्ही हात घोडीवर होते. गाठी मारलेलं उपरणं खांद्यावरून मोकळं लोंबत होतं, वाऱ्यानं हलत होतं. इतकी वर्षं तिनं आया ऐकल्या होत्या त्या घरी, पहाटे, जात्यापाशी. कोंडीबा अंगणात तोंड धुता धुता काकड्याच्या चालीवर म्हणायचा आणि तिला त्या ओव्यांसारख्या पाठ झाल्या होत्या. पण बाजारात सांगताना हात कुठं असतात, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. रात्रभर जागून तिनं ही युक्ती काढली होती आणि ती अशी वाऱ्यावर लोंबकळत होती.

तिनं चाकाचा आरा घट्ट धरला. देवा सिद्धरामा, तिनं मनात म्हटलं, पाचच नावं. पुन्यांदा काय मागनार न्हाय.

कोंडीबानं गळा साफ केला. आवाज लागला तो जुनाच, भरदार.

"गुंजीची आई पाखरी, तांबूस रंगाची, नागनसूरच्या दावनीची.

पाखरीची आई मैना, कपाळी टिकली, मैंदर्गीच्या दावनीची.

मैनेची आई…"

आवाज थांबला.

एवढं थांबणं चालतं. सांगणारा दम घेतो. पण बजाबाईनं त्याची मान बघितली. मानेवरची शीर उभी राहिली होती. डोळे घोडीच्या आयाळीत काहीतरी शोधत होते. काळोख्या घरात आलेला माणूस भिंत चाचपतो तसे. हरणी, ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. हरणी हो. वळसंगची. पोटाखाली पांढरी. तुमीच तर सांगितलेली.

वीटभट्टीवाल्यानं खांद्यावरची दोरी हातात घेतली. चंद्रव्वानं ते बघितलं आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

"मैनेची आई…" कोंडीबा पुन्हा म्हणाला. आणि मग एकदम त्याचा चेहरा सुटला, जसं कुणी दार उघडून आतून हाक मारावी. "मैनेची आई वच्छला. रंगानं सावळी, डोळ्यांनी पानीदार, आपल्या दारची."

बजाबाईचा हात आऱ्यावरून घसरला.

सव्वीस वर्षं झाली होती. याच जत्रेत त्यांची आठ वर्षांची लेक वच्छला बापाच्या खांद्यावर बसून घोडी बघायला आली होती. दिवसभर गार वाऱ्यात हिंडली. परतल्यावर छातीत कफ भरला. नवव्या दिवशी गेली. त्या दिवसापासून कोंडीबानं ते नाव उच्चारलं नव्हतं. एकदाही नाही. बजाबाई सुरुवातीला घ्यायची, तर तो उठून बाहेर जायचा. मग तिनंही घ्यायचं सोडलं. तेरवं घातलं, श्राद्धं झाली, पण ते नाव त्या घरात दाराआड ठेवलेल्या मुसळासारखं उभंच राहिलं. कुणी हलवलं नाही, कुणी टाकलं नाही.

घोडीचा खूर हातात धरून बसलेल्या इसूफनं मान वर केली. त्याची नजर थेट बजाबाईकडं गेली. त्या आजारपणात एका रात्री वच्छलाला दवाखान्यात नेणारा टांगा त्याच्या बापाचा होता आणि पुढं कंदील धरून बसला होता चौदा वर्षांचा इसूफ. त्यानं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि खूर हळूच जमिनीवर ठेवला.

"वच्छलेची आई…" कोंडीबा म्हणाला.

आणि पुन्हा थांबला. त्याची मान वळली. गर्दीतून, माणसांच्या खांद्यांवरून, त्याची नजर गाडीच्या चाकाशी आली आणि बजाबाईवर थांबली. ती जागच्या जागी थिजली. आता हा माझं नाव घेणार. सगळ्या बाजारासमोर हा माझं नाव घेणार आणि मग माणसं एकमेकांकडं बघतील, कुणीतरी आधी हळू हसेल.

त्यानं तिच्याकडं खूप वेळ बघितलं. मग मान घोडीकडं वळवली.

"वच्छलेची आई लाखी, पायांनी पांढरी, बोरामनीच्या दावनीची. लाखीची आई थोरली बिजली, जुन्या पागेतली. तिच्या पल्याड मला ठाव न्हाय, देवाला ठाव."

चढती झाली. माणसांनी माना हलवल्या. कुणाला काही खटकलं नव्हतं. मधली नावं एरवी कुणाला ठाऊक असणार? मानसिंग वहीत लिहीत होता. पण बजाबाईनं चाकाचा आरा पुन्हा धरला. उतरती राहिली होती. आता हरणी आठवली तर नाव हललं. काहीच आठवलं नाही तरी संपलं.

"थोरल्या बिजलीची लेक लाखी, बोरामनीच्या दावनीची," कोंडीबानं सुरू केलं. "लाखीची लेक…"

वारा आला. घोडीनं कान टवकारले.

"लाखीची लेक…"

या वेळी चेहरा सुटला नाही. उलट मिटत गेला. घोडीच्या कपाळावरचा हात खाली सरकला आणि ते घोडीलाही कळलं असावं, तिनं डोकं किंचित खाली घेतलं. मानसिंगचं पेन वहीवर थांबलं. वीटभट्टीवाला एक पाऊल पुढं आला.

बजाबाई उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढं ओढला. बाजारात बाई आया सांगत नाही. तिच्या सासूनं सांगितल्या नाहीत, तिनं सांगितल्या नव्हत्या. हळूच कुजबुजावं, तर चोरून दिल्यासारखं होईल. तिनं डोळे मिटले आणि मठातल्या टाळकऱ्यासारखा मागून, मोकळ्या गळ्यानं सूर लावला.

"लाखीची लेक वच्छला. रंगानं सावळी, डोळ्यांनी पानीदार, आपल्या दारची."

हरणीची तिनं मनातल्या मनात माफी मागितली.

कोंडीबानं मागं वळून बघितलं नाही. त्यानं फक्त मान डोलावली, ताल धरावा तशी, आणि पुढचं चरण उचललं. "वच्छलेची लेक मैना, मैंदर्गीच्या दावनीची. मैनेची लेक पाखरी, नागनसूरच्या दावनीची. पाखरीची लेक ही गुंजी. हिच्या म्होरं हिनं चालायचं."

"बाई मधीच बोलली," वीटभट्टीवाला म्हणाला. "ह्ये चालतं व्हय?"

कुणी उत्तर देण्याआधी चंद्रव्वा वळली. सकाळपासून ती त्याच्याकडं बघत नव्हती. आता नीट बघितलं. "आयांची नावं हायत," ती म्हणाली. "बाईनं न्हाय घेतली तर कुनी घ्यायची?"

दोघं-तिघं हसले. म्हातारा बैलवाला म्हणाला, "चढती-उतरती जुळली बाबा. आता गप ऱ्हा." वीटभट्टीवाल्यानं दोरी पुन्हा खांद्यावर टाकली आणि तो बैलांच्या दावणीकडं निघून गेला.

मानसिंग मात्र वहीतलं वाचत होता. एका ओळीवर पेनाचं टोक टेकवून त्यानं विचारलं, "वच्छला? हे नाव घोडीला ठेवतात?"

बजाबाईनं इसूफकडं बघितलं.

"ठेवत्यात की," इसूफ म्हणाला. त्यानं तोंडातलं पान बाजूला जाऊन थुंकलं, तोंड पुसलं आणि मगच पुढचं बोलला. "मी बघितलीया तिला, साहेब. ल्हान होतो मी. लई गुनी होती."

"चालीला कशी होती?"

इसूफनं गुंजीच्या आयाळीतली काडी काढली. "हलकी," तो म्हणाला. "पाय वाजायचा न्हाय."

मानसिंगनं तेही लिहून घेतलं.

मग बाकीचं सगळं रीतीनं झालं. चंद्रव्वानं घोडीच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळद लावली, पदरातला गूळ चारला आणि दोरी मानसिंगच्या हातात दिली. दिल्यावर तिचे हात काही वेळ तसेच पुढं राहिले. भोंगा झाला. मिलकडून आलेला तो लांबट आवाज माळावर पसरला आणि घोड्यांनी माना उचलल्या. गुंजीनं मात्र पाऊल बदललं नाही. मानसिंगनं इसूफकडं बघितलं. इसूफ म्हणाला, "बघितलं न्हवं? आता हलगीची फिकीर नका करू."

ते निघाले. पंधरा-वीस पावलं गेले असतील.

"ओ पावनं," कोंडीबानं हाक मारली.

मानसिंग थांबला. कोंडीबा उठून, उपरणं सावरत, घोडीपर्यंत चालत गेला. बजाबाई त्याच्यामागं धावली. तो कुठं निघाला हे तिला कळेना. त्यानं ते गाठी मारलेलं उपरणं खांद्यावरून काढलं आणि गुंजीच्या छातीवरून घेऊन मानेशी बांधायला लागला. ते पुरत नव्हतं. तरी तो बांधत राहिला.

"हिला गार वाऱ्यात ठिवू नका," तो म्हणाला. "हिला सोसत न्हाय."

मानसिंग त्याच्या बोटांकडं बघत होता. "घरातच बांधतो बाबा. पडवीत. माझ्या आईच्या खाटेशेजारी."

"रातीला उठून बघायचं. अंगाला हात लावून."

"बघतो."

कोंडीबानं गाठ आवळली. समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि बाजूला झाला. घोडी निघाली. तिच्या छातीवर पाच गाठींचं उपरणं हलत होतं आणि पायांचा आवाज खरंच होत नव्हता, निदान एवढ्या लांबून ऐकू येत नव्हता.

ती बैलांच्या दावणीआड दिसेनाशी झाली, तरी कोंडीबा तिथंच उभा होता. उघड्या खांद्यावर काटा आला होता. बजाबाईनं आपल्या पदराचा अर्धा भाग त्याच्या खांद्यावर टाकला. माणसं बघत होती. तिनं बघू दिलं.

"बजा," थोड्या वेळानं तो म्हणाला. "घरला कुनीकडनं जायचं गं?"

तिनं त्याचा हात धरला. "चला," ती म्हणाली. "मी दावते."